पहिली वेलांटी

सदतिसाव्या उत्तरपत्रिकेत, 'माझी आई' या निबंधाच्या तिसऱ्याच ओळीत एका मुलीनं लिहिलं होतं, 'माझी आई रोज सकाळी बांधीवर जाऊन राहिली.' माझं लाल पेन सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्या 'राहिली'वर गेलं आणि तिथंच थांबलं. दुसरं काही झालं नाही. गॅलरीत ऊन होतं, खाली कोणीतरी दिवाळीसाठी गाद्या झटकत होतं, आत माझी बायको मंजू डबे घासत होती. एरवी हे काम डोकं न वापरता होतं. 'जाऊन राहिली' खोडायचं, वर 'जाते' लिहायचं, समासात 'बोली' असा शेरा मारायचा आणि अर्धा गुण कापायचा. गोंदियाच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणं म्हणजे एका हातानं हिंदी आणि दुसऱ्या हातानं आमची झाडीबोली उपटत बसणं, असं मी स्टाफरूममध्ये गमतीनं म्हणतो. सगळे हसतात. हसणाऱ्यांतले अर्धे घरी गेले की 'जेवून राहिलो' असंच म्हणत असतात, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. पण आज हात पुढं जाईना. ही मुलगी काही चुकीचं सांगत नव्हती. तिची आई रोज सकाळी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर जाते, एवढंच ती सांगत होती, आणि ते मला पहिल्या वाचनात कळलं होतं. कळलेलं असताना खोडायचं, याचीच माझी नोकरी आहे. मंजू दारात येऊन म्हणाली, "चाय ठंडी होऊन राहिली जी," आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की ती चपापली. "काय झालं? तबियत ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे. ते खोटं होतं. सकाळी सात वाजता फोनवर लुदमिलाचा निरोप आला होता आणि तो मी अजून मंजूलाही सांगितला नव्हता. निरोप देवनागरीत होता, दोनच ओळींचा. 'सर, झालं. पाच वर्सं येऊ नाही शकत. मायले तुमी सांगा, माह्यानं नाही होत.'

लुदमिला स्लोव्हाकियाची. वय आता चव्वेचाळीस. अकरा वर्षांपूर्वी आमच्या अर्जुनी मोरगावकडचे जुने मालगुजारी तलाव पाहायला दहाबारा परदेशी लोकांची एक टोळी आली होती, त्यांतली ही एक. आमच्या गावात तिला ताप भरला. टोळी पुढं निघून गेली आणि ही आठ दिवस आमच्या घरी पडून राहिली, कारण गावात पाहुण्याला वेगळी खोली देता येईल असं घर तेव्हा आमचंच होतं. माझी माय, अनुसयाबाई, बाबा गेल्यापासून त्या घरात एकटीच राहते. तिनं या पोरीला तांदळाची पेज पाजली, पाठ शेकली, आणि लुदमिला हे नाव तोंडात मावेना म्हणून मिला असं नाव ठेवलं. पुढच्या वर्षी धान कापणीला मिला बॅग घेऊन परत आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. मग दिवाळीनंतर, गावच्या मंडईच्या आधी यायचं आणि उन्हं तापली की जायचं, हे ठरूनच गेलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, पाळणे, मिठाई, रात्रभर नाटक, आणि घरोघरी पाहुणे. मंडईला ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला लोक विचारतात, काय झालं म्हणून. मायच्या घरी दहा मंडया मिला होती. पर्यटकाच्या परवान्यावर एका दमात नव्वद दिवस राहता यायचं. नव्वद भरले की ती आठवडाभर काठमांडूला जाऊन यायची आणि पुन्हा नव्वद. सकाळी दार लावून लॅपटॉपवर तिकडच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करायची आणि दुपारी मायसोबत लाखोरीची डाळ पाखडायची. भाषांतर हाच तिचा धंदा. गावात कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मला ती आवडायची नाही, हे आता लिहायला हरकत नाही. वाईट नव्हती, म्हणून तर जास्त आवडायची नाही. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस दवाखान्यात तीच बसली. मी संध्याकाळी केळी घेऊन जायचो आणि दोघी काहीतरी बोलून हसत असायच्या, मी आलो की हसणं थांबायचं आणि माय म्हणायची, "आला का बाबू, बस." पाहुण्याला म्हणतात तसं. माय माझ्याजवळ कधी अशी हसली आहे का, हे मी दवाखान्याच्या जिन्यावर उभा राहून आठवून पाहिलं आहे. आठवलं नाही. गोंदियाहून अर्जुनीला जायला पॅसेंजरनं दोन तास लागतात, पुढं ऑटो. तेवढं अंतर मला महिन्यातून एकदा जमायचं आणि या बाईला अर्ध्या पृथ्वीवरून दर वर्षी जमत होतं. याचा हिशेब कोणी मागितला नाही, पण मला तो सारखा कोणीतरी मागतं आहे असं वाटायचं.

आणि त्यात भाषा. मी दुसऱ्याच वर्षी तिला म्हटलं होतं, मराठी शिकायचीच तर नीट शिका, मी शिकवतो. वही आणली, क्रियापदं काढून दिली. तिनं दोन दिवस मन लावून लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, माय असं नाही बोलत." मी म्हटलं, माय अशुद्ध बोलते. तिनं वही मिटली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग मी मायसंग कोनाची भाषा बोलू?" मी हसून विषय बदलला, पण तो प्रश्न मनात रुतला तो रुतलाच. नंतर एकदा मराठी भाषा दिनाला प्राचार्यांच्या आग्रहावरून तिला कॉलेजात आणलं. ही साडी नेसून व्यासपीठावर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुमच्या जिल्ह्यात येऊन राहिली त्याले सात वर्सं झाली." पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, बाकडी बडवली. पहिल्या रांगेत नागपूरचे एक विद्वान पाहुणे बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "तुमची विद्यार्थिनी का?" मी म्हटलं, नाही. आणि ते खरंच होतं, पण मी ते ज्या घाईनं म्हटलं त्या घाईची मला अजून लाज वाटते. पोरं टाळ्या वाजवत होती कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरचं बोलणं माईकवरून आलं होतं. मला मात्र पुण्यातलं वसतिगृह दिसत होतं.

पुण्याला मी एम.ए.ला गेलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मुलांना मी सांगितलं, "मी लायब्ररीत जाऊन राहिलो." म्हणजे निघालो आहे, चाललो आहे. एक जण म्हणाला, "जाऊन राहिलास? किती दिवस राहिलास?" दुसरा म्हणाला, "अरे, तिथं झोपायची सोय आहे का?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे येत आहे, किंवा येत असतो. त्यांच्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे आलो आणि मुक्काम ठोकला. त्यांनी दोन वर्षं मला 'मुक्काम' या नावानं हाक मारली. वाईट मुलं नव्हती, परीक्षेच्या वेळी आपल्या नोट्स द्यायची. पण मी त्या दोन वर्षांत जिभेवरून ते क्रियापद उपटून काढलं, इतकं की सुट्टीत घरी आलो आणि बाबांनी "कवा आलास?" विचारल्यावर मी "आत्ताच येतो आहे" म्हणालो.  बाबा मायला म्हणाले, "पोट्टा सायेब झाला वो." त्यात कौतुक होतं, असंच मी समजत आलो.

गावात मिलाबद्दल कुरबुर सुरू झाली ती तीनेक वर्षांपूर्वी. आमच्याकडच्या लोकांना परका चेहरा नवा नाही. गोठणगावला तिबेटी लोक दोन पिढ्यांपासून आहेत, पण त्यांची रीतसर नोंद आहे, वसाहत आहे. मिलाची कुठंच नोंद नव्हती आणि तिचं येणं थांबतही नव्हतं, हे लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागलं. शेजारच्या टेकचंदकाकांनी एकदा मला बांधावर अडवलं. धानाचा व्यापार करणारा, सरळ बोलणारा माणूस. त्यांचा पोरगा गुड्डू मोटारींचा मेकॅनिक, तिकडच्या कुठल्याशा कारखान्यात जायला धडपडत होता. "उमेंद्र, आमच्या गुड्डूले तिच्या मुलखानं दोनदा ना म्हटलं," काका म्हणाले. "पोट्ट्याच्या हातात कला आहे. थो तिकडं जाऊ नाही शकत अना हे बाई इकडं वाट्टेल तेवढी राहते. हा कोनता न्याव होये, तूच सांग. तू शिकलेला आहेस." मी गाडीची वेळ सांगून निघालो.  पुढं वरच्या कुठल्याशा कचेरीत निनावी अर्ज गेला. तो काकांनीच केला असं गाव म्हणतं. मी म्हणत नाही. अर्ज करावा असं वाटणाऱ्यांत मी स्वतःलाही धरतो.

माझं आणखी एक होतं, आणि ते कुरबुरीपेक्षा वाईट होतं. परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकानं ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, एका दिवसात. मायला ते जमणं शक्य नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे. पहिली काही वर्षं मी नेमानं भरला. मग एका वर्षी साइट बंद होती, एका वर्षी बारावीचे पेपर होते, आणि नंतर कंटाळा. मिला दर वेळी विचारायची, "सर, थो फॉर्म?" मी म्हणायचो, भरतो. चार वर्षं मी तो भरला नव्हता आणि तिला भरला म्हणून सांगितलं होतं. अनुदानित कॉलेजातली नोकरी, निवृत्तीला चार वर्षं. अर्जाची चौकशी येणार असं कळल्यावर मला त्या फॉर्मशिवाय दुसरं काही सुचेना.

चौकशीचे साहेब गेल्या मे महिन्यात आले. मिला एप्रिलमध्येच, नेहमीसारखी, परत गेली होती. साहेब साताऱ्याकडचे, तिशीतले, महिन्यापूर्वीच इकडे बदलून आलेले, उन्हानं हैराण झालेले. बोलायला चांगले होते. मायनं आंब्याचं पन्हं दिलं, ते त्यांनी दोनदा मागून घेतलं. छपरीत खाटेवर बसून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून ते जबाब लिहू लागले. आधी मला विचारलं, "सर, तो फॉर्म भरलेला आहे ना दर वेळी?" मी त्यांच्यापुढचा पन्ह्याचा पेला भरू लागलो. ते स्वतःच म्हणाले, "बघू नंतर. आधी आईंचं घेऊ." मग मायकडे वळले. "आजी, ती परदेशी बाई तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"थे? थे तं अकरा सालापासून येऊन राहिली जी," माय म्हणाली. आवाजात अभिमान होता. "मले पोरीवानी आहे."

"येऊन राहिली. म्हणजे इथंच? ह्याच घरात?"

"हव. आनखी कोठी जाईन?"

साहेबांनी लिहिलं. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो आणि अक्षरं उमटताना दिसत होती. 'सदर परदेशी महिला ही गेल्या अकरा वर्षांपासून माझ्या घरी येऊन राहीली आहे.' माय म्हणाली होती, ती अकरा वर्षांपासून येत असते. कागद म्हणत होता, ती अकरा वर्षांपूर्वी आली आणि इथंच राहिली. हे मला कधी कळलं? उत्तरपत्रिका तपासताना एखाद्या पोराची चूक मला वाचायच्या आधी दिसते, तसं दिसलं. वसतिगृहातली ती पोरं माझ्या कानात हसली. संपूर्ण महाराष्ट्रात ही एक चूक ओळखायला माझ्याइतका लायक माणूस नसेल, आणि मी तिथंच उभा होतो. साहेबांनी पुठ्ठा माझ्याकडे दिला. "आईंना वाचून दाखवा आणि खाली साक्षीदार म्हणून सही करा. आणि सर, तुम्ही मराठीचे म्हणल्यावर मला लिहायचीच भीती वाटाय लागली. शुद्धलेखन तेवढं बघा बरं का."

मी पाहिलं. 'राहीली'. ह ला दुसरी वेलांटी. मी खिशातून माझं पेन काढलं, दुसरी वेलांटी खोडली आणि पहिली दिली. राहिली. बाजूला बारीक सही केली, दुरुस्तीला करतात तशी. मग मायला भरभर वाचून दाखवलं. तिला ते शब्द तिचेच वाटले, कारण ते तिचेच होते. तिनं मान डोलावली. 'सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे,' या ओळीखाली तिनं अंगठा दिला आणि त्याच्या खाली मी सही केली. साहेब उठले, पन्ह्याचं कौतुक केलं, आणि तो फॉर्म विचारायचा विसरून गेले. फटफटी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. मग मला इतकं हलकं वाटलं की मी मायला म्हटलं, आज जेवायला काय आहे. किती दिवसांनी मी तिला ते विचारलं होतं. तिनं झिंग्यांची भाजी केली आणि मी दोनदा भात घेतला.

लबाडीला नेहमी एक सोय असते, तशी मलाही होती. मी स्वतःला म्हणायचो, साहेबांनी लिहिलं ते काही खोटं नव्हतं. नव्वद दिवस, आठवडाभर काठमांडू, पुन्हा नव्वद दिवस, आणि तेही अकरा वर्षं, याला येणं म्हणतात का? ती येत नव्हती, राहतच होती. मायच्या तोंडून खरं बाहेर पडलं आणि शासनानं ते शुद्ध मराठीत उतरवून घेतलं, त्यात माझं काय? हे सगळं पटण्यासारखं आहे. मलाच ते पटत नाही, कारण मी ती ओळ खरी आहे म्हणून सोडली नव्हती. माझी कातडी वाचत होती म्हणून सोडली होती. आणि थोडं, खोल कुठंतरी, दवाखान्याच्या जिन्यावरचा माणूस म्हणत होता, असू दे.

सप्टेंबरात मिलाला परवाना नाकारला गेला. तिकडच्या कोणा वकिलानं खटपट करून जबाबाची प्रत मिळवली आणि तिनं त्या पानाचा फोटो मला पाठवला. फोटो मोठा करून मी पाहिला. निळ्या अक्षरांत माझी ती वेलांटी काळी उठून दिसत होती, बाजूला माझी बारीक सही. दिवसभर दोन भाषांमधल्या फटी बुजवत बसणारी बाई ती. तिला ती दिसली नसेल असं मी मानू शकत नाही. पण तिनं तसं काहीच लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, 'सर, मायनं काय म्हटलं असन थे मले ठाऊक आहे. तुमालेबी ठाऊक आहे. तुमी लिहून द्याल का? अपिलाले तीस दिवस आहेत, नाही तं पाच वर्सं बंदी.' मराठीचा अधिव्याख्याता म्हणून मी एक पत्र द्यायचं होतं. झाडीबोलीत 'येऊन राहिली' याचा अर्थ 'येत असते' असा होतो, सदर जबाबात तो विपरीत उतरला आहे, वगैरे. अर्ध्या पानाचं काम. पण त्याखाली सही केली की पहिला प्रश्न येणार, मग सर, वाचून तर तुम्हीच दाखवला होता. आणि त्याच्या मागोमाग फॉर्म. मी पत्राचे सात खर्डे केले. प्रत्येक खर्ड्यात काहीतरी सुधारायचं निघायचं. एकदा तर मी 'विपरीत'ऐवजी 'भिन्न' जास्त योग्य होईल का यावर पूर्ण रविवार घालवला. एकोणतिसाव्या दिवशी मंजूनं विचारलं, "इतनं काय लिहून राहिले जी?" मी म्हटलं, पेपर काढतो आहे. तिसावा दिवस गणिताच्या सरांच्या निरोप समारंभात गेला, मी सुंदर भाषण केलं. मिलानं पुन्हा विचारलं नाही. आज सकाळी तो दोन ओळींचा निरोप आला.

उत्तरपत्रिका तशीच ठेवून मी उठलो. मंजूला म्हटलं, मायकडे जाऊन येतो. पॅसेंजरमध्ये जागा मिळाली. समोर एक म्हातारा आपल्या नातीला सांगत होता, "गाडी आता सुटून राहिली, खिडकीत बोट नको घालू." मी डोळे मिटले आणि मायला काय सांगायचं ते मनाशी घोकू लागलो. एकच वाक्य होतं. माय, मला तेव्हाच समजलं होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. दोन तास मी ते घोकलं. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापून झालं होतं, भारी धान पिवळं उभं होतं, दर वर्षीसारखंच. अर्जुनीला उतरून ऑटोत बसलो तेव्हाही ते वाक्य तोंडात होतं.

माय अंगणात लाखोरीच्या वड्या वाळत घालत होती. मिलाची खोली सारवलेली दिसत होती, गादी खाटेवर उन्हात टाकलेली. मला पाहून माय म्हणाली, "आला का बाबू, बस." आणि मी खाली बसायच्या आधीच म्हणाली, "मंडई अवंदा भाऊबीजेच्या चवथ्या दिवशी आहे. मिलाले फोन करून सांग, आधी येजो म्हना. मांगच्या सालवानी गाडी चुकवशील नको म्हना."

"माय, ती येणार नाही."

"अवंदा?"

"पाच वर्षं."

माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिनं ते आकडे मांडले की नाही, मला कळलं नाही. हातातली वडी तिनं कापडावर ठेवली, शेजारची उचलून थोडी सरकवली. "काऊन?" ती म्हणाली.

"मे महिन्यात तो जबाब घेतला होता ना. त्यात लिहिलं गेलं की ती इथंच राहते. पाहुणी म्हणून येत नाही, घर करून राहिली आहे. तसं चालत नाही."

"असा कोन सांगतलन?"

 मी म्हणालो, "तू म्हणालीस ना, येऊन राहिली. साहेब दूरचे. त्यांच्याकडे येऊन राहिली म्हणजे आली आणि राहिली."

आता पुढचं वाक्य होतं. मी तोंड उघडलं. पण मायनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि तिचे ऑपरेशन केलेले डोळे माझ्याकडे नव्हते, त्या खाटेवरच्या गादीकडे होते. "मंग मीच बोलली ना थे," ती म्हणाली. "माह्याच तोंडानं." मी म्हटलं, "हो, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढं काही आलं नाही. दोन तास घोकलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. ती थांबली होती, मी काही बोलेन म्हणून थांबली असावी. मी कापडाचा उलटलेला कोपरा सरळ केला. तिनं डोळे पुसले. मग अगदी शांतपणे, मीठ मागावं तशा आवाजात ती म्हणाली, "साऱ्या मुलखाच्या पोट्ट्याइले शिकोलास बाबू. मलेबी थोडा शिकोला असतास."

 ऊन सरकून तिच्या पायांवर आलं होतं. ती उठून माझ्याजवळ आली, जमिनीवर बसली, पदर नीट केला, आणि म्हणाली, "सांग मले. साहेब पुन्हा पुसाले आला तं कसा म्हनू?" साहेब येणार नव्हते. ते कुणी विचारायला यावं म्हणून जे पत्र जायला हवं होतं ते माझ्या टेबलाच्या खणात सात वेळा लिहून पडलं होतं. हे मी तिला सांगू शकलो असतो. मी सांगितलं, "म्हणायचं, ती दरवर्षी येते आणि परत जाते."

"ती दरवर्सी येते आनि परत जाते."

"दरवर्षी."

"दरवर्षी येते आनि परत जाते."

"आणि," मी म्हणालो. सवयीनं म्हणालो. तो ण तिच्या जिभेला नव्हता, आमच्या कोणाच्याच नव्हता, मी तो पुण्यात रात्री उशीत तोंड घालून घोटला होता. "आनि," ती म्हणाली. पुन्हा प्रयत्न केला. "आनि." मी म्हटलं, राहू दे, चालेल. पण ती ऐकेना. लहान मुलीसारखी मांडी घालून, एक हात गुडघ्यावर ठेवून ती म्हणत राहिली, ती दरवर्षी येते आनि परत जाते, ती दरवर्षी येते. शेजारच्या अंगणातून टेकचंदकाकांची बायको कुंपणाशी येऊन पाहू लागली. माय बोलायची थांबली. काकू गेल्यावर माय हळू आवाजात माझ्याकडे वाकून म्हणाली, "मंडईले बाया पुसतीन ना मले. येनार नाही म्हनाचं असन तं थे कसा म्हनतेत, तुमच्यात?"

"तसंच म्हणतात, माय," मी म्हणालो. "येणार नाही."

"येणार नाही," माय म्हणाली. हा ण तिला पहिल्याच खेपेला बरोबर जमला.